बटणावरची चिकटपट्टी

मार्च लागला. शाळा सकाळच्या झाल्या, सोसायटीच्या गेटवर पाण्याचे टँकर सुरू झाले. परीक्षेच्या दिवसांत लोकांना गणिताचे पेपर आठवतात, मला लाकड्या आठवतो. हसू नका. चाळिशीला टेकलेली बाई आहे मी, एका मुलीची आई आहे, भाजीवाल्याशी भांडताना कुणाच्या बापाला भीत नाही. पण दुपारचे अडीच वाजले की बंद टीव्हीकडे पाठ करून मला अजूनही बसवत नाही.

लाकड्या म्हणजे टीव्हीवरच्या मुलांच्या कार्यक्रमातला एक बाहुला. ते नाव मीच ठेवलेलं. त्याचं खरं नाव मला कळायला मार्ग नव्हता, कारण आमच्या घरी तो कार्यक्रम बिनआवाजाचा लागायचा.

त्याचं असं की माझे पप्पा प्रेस शॉपला होते. पत्र्याचे भाग ठोकून काढणारी मोठमोठी मशिनं असतात, त्यावर. त्या साली होळीच्या आधी त्यांच्या शेजारच्या मशिनवरचे कदमकाका नाईटला होते आणि डुलकी लागून त्यांची उजव्या हाताची दोन बोटं गेली. कदमकाकांना मग सकाळच्या पाळीत हलकं काम दिलं, आणि त्यांची तिसरी शिफ्ट पप्पांनी आपणहून मागून घेतली. एकाची अडचण असली की दुसऱ्यानं शिफ्ट बदलून द्यायची, ही आमच्याकडची रीतच. एक-दोन आठवड्यांचं कुणी मनावर घेत नाही. पप्पांनी घेतली ती थेट पावसाळ्यापर्यंत.

म्हणजे मार्च, एप्रिल, मे, तिन्ही महिने पप्पा रात्री जाणार, सकाळी येणार आणि दिवसभर झोपणार. झोपणार कुठे? रुपीनगरातल्या आमच्या पत्र्याच्या दोन खोल्यांत, आतल्या खोलीत, मध्ये आईच्या जुन्या साडीचा पडदा. कदमकाकांचा बांधलेला हात आईनं स्वतः जाऊन बघितला होता. घरी आल्यावर तिनं मला समोर बसवलं. मी तिसरीत होते.

"हे बघ मने," ती म्हणाली, "कदमकाकाची झोप झाली न्हवती. म्हणून हात मशिनखाली गेला. आता पप्पा नाईटला जाणार. दुपारी तू आवाज केलास, पप्पांची झोप मोडली, तर काय होईल तूच सांग."

बोलायचं म्हणून ती बोलून गेली आणि लगेच भाकऱ्या थापायला बसली. मी मात्र ते गिळलं ते गिळलंच. माझ्या आवाजावर पप्पांची बोटं अवलंबून आहेत, एवढाच त्याचा अर्थ मला लागला होता.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात जे चालायचं ते आज कुणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही. आई कुकर पहाटेच लावून घ्यायची, दिवसा शिटी नको म्हणून. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकवून वर रबर बांधायची. भांडी फडक्यावर ठेवायची. शाळेतून आले की मी कोपऱ्यावरच चपला काढून हातात घ्यायचे आणि तापलेल्या जमिनीवरून टुणटुण उड्या मारत दारात यायचे. भंगारवाल्यानं गल्लीत हाळी दिली रे दिली की आई दारात जाऊन त्याला दोन्ही हात जोडायची. पहिल्यांदा तो बिचारा गडबडला, मग त्याला कळलं. आमच्या गल्लीत निम्मी घरं शिफ्टवालीच होती. आम्ही मायलेकी खुणांनी बोलायचो. पाणी हवं असलं तर अंगठा तोंडाकडे, भूक लागली तर पोटावर हात, आणि बोट ओठावर म्हणजे मेलीस आता, पप्पा कुशीवर वळले.

एवढं सगळं काढून घेतल्यावर पोरीला काहीतरी द्यायला हवं म्हणून आईनं टीव्ही दिला. ब्लॅक अँड व्हाईट, आवाजाचं गोल बटण. ते तिनं डावीकडे पार शेवटपर्यंत फिरवलं आणि वर चिकटपट्टी लावून टाकली. माझा हात चुकूनसुद्धा लागू नये म्हणून.

अडीचला कार्यक्रम लागायचा. एक लाकडी टेबल, मागे काळा पडदा, आणि टेबलामागे बसलेला हा लाकड्या. म्हाताऱ्याचा चेहरा. तोंडाच्या दोन्ही बाजूंना उभ्या चिरा, त्यांतून खालचा जबडा खालीवर व्हायचा. डोळ्यांना पापण्या नाहीत. भोवती चार-पाच छोट्या बाहुल्या यायच्या, त्यांचेही जबडे उघडायचे, मिटायचे. आता विचार करते तेव्हा वाटतं, ज्यांनी तो बाहुला केला असेल त्यांनी किती हौसेनं केला असेल! मुलांनी खदाखदा हसावं म्हणूनच केला असणार. पण बाहुल्याचा आवाज काढून घेतला की उरतं काय? एक तोंड उघडतंय आणि मिटतंय. ते हसतंय, गातंय, का किंचाळतंय, कोण सांगणार?

ज्या दिवशीचं मी सांगतेय त्या दिवशी माझ्या हातून फुलपात्र पडलं होतं. फडक्यावर पडलं, फार वाजलं नाही, पण पडद्याआड बाज करकरली. आईनं माझ्याकडे जे बघितलं ते बघितलं. मी टीव्हीसमोर जाऊन मुकाट बसले. आणि त्याच वेळी लाकड्यानं आपला उजवा हात टेबलावर ठेवला.

एका छोट्या बाहुलीनं हातोडा उचलला आणि ठोकला. लाकड्याचा हात मनगटापासून सुटला, टेबलावरून घरंगळला आणि खाली गेला. सगळ्या बाहुल्यांचे जबडे वासले, त्या गदागदा हलायला लागल्या. लाकड्यानं तो तुटका दांडा वर उचलला, थेट काचेजवळ आणला आणि माझ्याकडे बघितलं. आईशप्पथ सांगते, माझ्याकडेच बघितलं.

घशापर्यंत आलेली किंकाळी मी कशी थांबवली? स्वतःचं मनगट तोंडात घालून. दात रुतेपर्यंत चावले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि घरात चिटपाखरू हलत नव्हतं. आई भांडी पुसत होती. तिनं वळून पाहिलं तेव्हा मी मांडी घालून शहाण्यासारखी बसले होते. तिनं लांबूनच माझी अलाबला घेतली. गुणाची गं माझी बाय, असं तिला वाटलं असणार.

दुसऱ्या दिवशी लाकड्याला नवा हात होता. पांढराफटक. बाकी सगळा बाहुला काळपट आणि तेवढा एक हात पांढरा, अगदी कदमकाकांच्या बँडेजसारखा. मग तर हा पप्पांचंच पुढचं दाखवतोय अशी माझी खात्रीच पटली. टीव्ही लावू नको असं आईला सांगायचं तर कारण सांगावं लागलं असतं, आणि कारण तोंडातून निघालं तर ते खरं होईल अशी भीती. शिवाय खोटं कशाला बोलू, मला बघायचंही असायचं. आज कुणाचा हात जातोय ते कळायला नको?

तेव्हापासून मी पप्पांची बोटं मोजायला लागले. सकाळी पावणेआठला कंपनीची बस त्रिवेणीनगरच्या चौकात थांबायची. मी आंघोळ करून, वेणी घालून कोपऱ्यावर उभी. पप्पा दिसले की पळत जायचे, दोन्ही हात धरायचे. तेलाचा वास, नखांत काळं. पाच आणि पाच दहा. मग पिशवी घ्यायची आणि त्यांच्या पुढे चालायला लागायचं. आधी शाळा नऊला भरून दीडला सुटायची, ती उन्हाळ्यासाठी आठला भरायला लागल्यावर मोठी पंचाईत झाली. मी पाटी-दप्तरासकट चौकात जायचे, बोटं मोजायचे आणि तिथूनच शाळेकडे धूम ठोकायचे.

"पोरगी लई लाडाची हाय माझी," पप्पा बसमधल्या लोकांना सांगायचे. "हात धरल्याबिगर सोडत न्हाई."

गुरुवार तेवढा माझा. गुरुवारी कारखान्यांची सुट्टी, आणि दिवसभर लाइट गुल. म्हणजे टीव्ही नाही, लाकड्या नाही आणि रात्री पप्पांना मशिनवर जायचं नाही. गुरुवारी मी घसा बसेपर्यंत ओरडायचे. उगाचच. दोरीवरच्या उड्या मारताना आकडे ओरडून मोजायचे. आई म्हणायची, हिच्या अंगात येतंय का काय गुरुवारी? इतर पोरं रविवारची वाट बघायची, मी गुरुवारची. अजूनही गुरुवारी लाइट गेली की मला बरं वाटतं, आणि नवरा म्हणतो, तुझं काहीतरी वेगळंच आहे बाई.

परीक्षेच्या आठवड्यात व्हायचं ते झालंच. बुधवारी मराठीचा पेपर आणि मंगळवारी दुपारी मी ओरडले. लाकड्या त्या दिवशी पेटीतून अचानक वर आला, अख्ख्या काचेभर त्याचं तोंड, आणि मनगट तोंडाशी न्यायला मला वेळच मिळाला नाही. साधीसुधी नव्हे, गल्लीपर्यंत गेली असेल अशी किंकाळी.

पडदा बाजूला झाला. पप्पा बनियनवर उभे, डोळे लालभडक. "काय झालं गं? कशाला रडायलीस?"

आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला आणि स्वतःच रडायला लागली. पप्पा मग झोपले नाहीत. बाजेवर बसून राहिले, चहा मागितला, संध्याकाळपर्यंत दोनदा जांभई दिली. दोन्ही जांभया मी पाहिल्या. रात्री डबा घेऊन निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, तर मी तो हात सोडेना. आईनं माझी बोटं एकेक करून सोडवली.

बुधवारी पावणेआठला बस आली. माणसं उतरली. सगळी उतरली. पप्पा नाहीत. ड्रायव्हरनं दार लावून घेतलं, बस गेली. ओळखीचे एक काका म्हणाले, "अगं येतील, जा तू शाळेला." ते माझ्याकडे न बघता म्हणाले असं मला वाटलं. मी गेले नाही. आठ वाजले. शाळेची घंटा चौकापर्यंत ऐकू यायची, ती ऐकली. आई आली, दंडाला धरून ओढायला लागली, मी विजेच्या खांबाला मिठी मारली. काय सांगू, त्या खांबाचा लोखंडी वास आत्ता लिहितानाही नाकात येतोय. मी देवाला सांगत होते की दोन घे, तीन घे, पण सगळी नको घेऊस. आठ वर्षांची पोर बापाच्या बोटांची घासाघीस करत होती.

साडेआठला पप्पा एका टेम्पोतून उतरले. सकाळच्या पाळीचा माणूस आला नव्हता म्हणून मशिनवर थांबावं लागलं होतं, एवढंच. दहा होती. मी दोनदा मोजली. पेपरला पाऊण तास उशिरा पोचले आणि निबंध माझा आवडता प्राणी यावर होता की ऋतूवर, देव जाणे, मी काय लिहिलं ते मला आठवत नाही.

मे महिन्यात शेजारच्या गल्लीतल्या सुषमाच्या घरी तो कार्यक्रम पहिल्यांदा आवाजासकट पाहिला. तिचे वडील जनरल शिफ्टला, त्यामुळे त्यांच्याकडे दुपारी नुसता गोंधळ. लाकड्याचा आवाज बारीक, किनरा, विनोदी. बाहुल्या त्याला नवे हात बसवून बसवून बघायच्या आणि गाणं म्हणायच्या. सुषमा हसून हसून लोळत होती. "अगं तो मुद्दाम हात काढून ठेवतो, काम करायला नको म्हणून! तुला माहीत नाही?" मीही हसले. पण माझ्या मनात आलं, हा खोटं बोलतोय. हिच्यासमोर गाणं म्हणतो आणि आमच्याकडे आला की खरं काय ते दाखवतो. इतके दिवस मुका पाहिल्यावर त्याच्या आवाजावर माझा विश्वासच बसेना.

जून उजाडला, पप्पांची शिफ्ट फिरती झाली, चिकटपट्टी निघाली. बटणावर तिचा डिंक तेवढा राहिला, त्याला धूळ चिकटून काळं कडं झालं. मी हे कुणालाच बोलले नाही.

आता मी मोशीला राहते, सातव्या मजल्यावर. आई जाऊन चार वर्षं झाली. पप्पा आमच्याकडेच असतात. दहाच्या दहा बोटं घेऊन रिटायर झाले, कान मात्र प्रेस शॉपला देऊन आले. कानाला मशीन लावल्याशिवाय त्यांना ऐकू येत नाही, आणि ते मशीन त्यांना बोचतं म्हणून ते बहुधा खिशात असतं. नवरा, प्रमोद, चाकणच्या एका कारखान्यात आहे. त्याच्या लाइनवर रोबो आहेत, हात जायची भीती नाही. भीती आहे ती रस्त्याची. तिसरी शिफ्ट सुटल्यावर नाशिक हायवेनं बाइकवर यायचं, दोन्ही बाजूंना कंटेनर, आणि डोळ्यांवर झोप. त्यामुळे तो नाईटला असला की दुपारी आमच्याकडे काय असतं? शांतता. ओवी सहा वर्षांची आहे. "ओवी, हळू. बाबा झोपलाय. बाबाला गाडी चालवायचीय ना?" हे वाक्य मी किती वेळा म्हटलं असेल, मोजदाद नाही. रिमोटवरचं आवाजाचं बटण दाबून तो शून्यावर नेऊन ठेवते. पप्पांना तसंही ऐकू येत नाही. आजोबा आणि नात मुक्या टीव्हीपुढे शेजारी शेजारी बसतात आणि मला ते दृश्य गोड वाटायचं. इतकी कशी मी आंधळी?

गेल्या सोमवारी ओवीला आंघोळ घालताना तिच्या डाव्या मनगटावर दातांचे वळ दिसले. ताजे होते आणि त्याखाली जुनेही.

"हे काय गं? शाळेत कुणी चावलं?"

"मीच," ती म्हणाली. अगदी सहज. "तो निळा माणूस येतो ना कार्टूनमध्ये, तो स्वतःचा चेहरा काढून हातात घेतो. तेव्हा मला ओरडायला येतं. मग मी असं करते. बाबा उठत नाही मग." आणि वर विचारलं, "मी शहाणी आहे ना?"

माझ्या हातातला तांब्या खाली बादलीत पडला. मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळून किती वेळ धरून बसले होते कोण जाणे. मला रडू आलं, संतापही आला, आणि तो दुसऱ्या कुणावर काढायची सोयच नव्हती. आईनं मला भीती घातली ती कदमकाकांचा हात बघून आल्यावर. मी तर सगळं माहीत असून घातली.

त्या संध्याकाळी मी पप्पांच्या कानात मशीन बसवलं आणि पहिल्यांदाच त्यांना सगळं सांगितलं. लाकड्या, मनगट, मोजलेली बोटं, खांब. पप्पा म्हणाले, "म्हणून धरायचीस व्हय हात? आन् मी सगळ्यांला सांगत फिरायचो, पोरगी लाडाची म्हणून."

मग म्हणाले, "मी दुपारचा झोपायचो कुठं, मने? जागाच असायचो."

"म्हणजे?"

"दिवसरात प्रेसचा दणका कानात. घर गप झालं की कानात शिट्टी वाजायची, अशी बारीक, थांबायचीच न्हाई. भांड्याकुंड्याचा आवाज असता, तुझी बडबड असती, तर डोळा लागला असता. त्या दिवशी तू ओरडलीस बघ, मी काय झोपेतून उठलो न्हवतो. वाटायचं एवढं गप कसं? हायत का गेल्या ह्या दोघी? मग पडद्यातनं बघायचो. तुझी पाठ दिसली की परत आडवा व्हायचो."

"मग आईला का नाही सांगितलं?"

"बांगड्याला रबर बांधून फिरायची ती माझ्यापायी," पप्पा म्हणाले. "तिला कसं सांगू की हे सगळं फुकट हाय?"

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून उभी राहिले. तीन माणसं, तीन महिने, दोन खोल्या. एकजण झोपल्याचं सोंग करत होता, दुसरी श्वास रोखून भाकऱ्या भाजत होती आणि तिसरी स्वतःला चावत होती. सगळं एकमेकांच्या मायेपोटी. एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी तिघं सुटलो असतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रमोद आत झोपला होता. ओवीनं टीव्ही लावला. मी तिच्याशेजारी बसले आणि आवाज वाढवला. वीस, पंचवीस, तीस. ती घाबरून आतल्या दाराकडे बघायला लागली. निळा माणूस आला. आवाजासकटही तो मला काही विनोदी वाटला नाही, मेला खरंच भयंकर होता. त्याचे हात चेहऱ्याकडे गेले, ओवीचं मनगट तोंडाकडे गेलं, आणि मी ते वाटेतच धरलं.

"ओरड," मी म्हटलं.

"बाबा उठेल."

"उठू दे. ओरड तू."

आधी नुसती चिमणीएवढी चिरकली. माझ्याकडे पाहिलं. मग डोळे घट्ट मिटून अशी काही ओरडली की टीपॉयवरच्या बशीत चमचा वाजला म्हणालात तरी मी नाही म्हणणार नाही. दार धाडकन उघडून प्रमोद बाहेर आला. "काय झालं? कोण पडलं?" पप्पांना काहीच कळेना, ते ह्याच्याकडे बघ, त्याच्याकडे बघ. ओवी त्यांच्या कानाशी जाऊन पुन्हा ओरडली, "आबा, मी घाबरले!" आणि रडायलाच लागली. प्रमोदनं तिला उचलून घेतलं. तिनं त्याला सगळं सांगितलं, निळ्या माणसाचं, मनगटाचं. तो ऐकत राहिला. मग तिथेच सोफ्यावर, तिला पोटावर घेऊन, चालू टीव्हीसमोर बसला. अर्ध्या तासानं बघते तर दोघंही तोंडं उघडी टाकून झोपलेली.

पण त्याची झोप मोडली होती हेही खरंच. आपण बरोबर केलं का, मला ठाऊक नाही. रात्री तो निघाला तेव्हा मी हेल्मेटचा पट्टा दोनदा तपासला. सकाळी तो येईपर्यंत माझ्या हातून एक काम धड झालं नाही.

साडेआठला लिफ्टचा आवाज आला. शाळेला सुट्टी म्हणून घरीच असलेली ओवी धावत गेली आणि दारातच त्याला रात्री पडलेलं स्वप्न सांगायला लागली, शेजारच्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. ती त्याच्या हातांकडे बघतसुद्धा नव्हती. तो बुटाची लेस सोडत हं हं करत होता. मी गॅसपाशी उभी राहून त्याची बोटं मोजली. दहा होती.